अयुथ्याला एक रात्र तरी राहा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं बँकॉकला जातोय. टूरवाल्यांनी अयुथ्यासाठी अर्धा दिवस ठेवलाय. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक पाहायचं, फोटो काढायचे आणि परत. आम्हाला गर्दी टाळून ते जुनं शहर निवांत पाहायचंय. साठी उलटली आहे, पण चालायची सवय आहे. काय करावं?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : काका, तो अर्धा दिवस सोडून द्या आणि तिथेच एक रात्र मुक्काम करा. बँकॉकपासून अंतर साधारण ८० किलोमीटर, रेल्वेनं दीड-दोन तास. एका दिवसात येऊन जाणाऱ्या बसगाड्या पोचेपर्यंत बराच दिवस वर आलेला असतो, त्यामुळे सकाळ मुक्कामी माणसाच्या वाट्याला येते.

वाट महाथातमधलं (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) ते मस्तक दार उघडताच पाहून घ्या. फोटो काढताना खाली बसा. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर असू नये, असा तिथला दंडक आहे आणि तो मनापासून पाळावा.

मग बेट सोडा. १३५० च्या सुमारास वसलेलं हे शहर तीन नद्यांच्या वेढ्यात आहे आणि बहुतेक पर्यटक त्या वेढ्यातच फिरतात. पासाक नदीपलीकडे, रेल्वे स्टेशनच्या बाजूला वाट कुदीदाव आणि वाट माहेयोंग आहेत. माझा सगळा जीव या दोन जागांवर आहे. माहेयोंगच्या स्तूपाच्या पायाला चारी बाजूंनी हत्ती आहेत, भिंतीतून अर्धे बाहेर आलेले. ही श्रीलंकेकडून आलेली रीत. गिलावा गळालाय, आतली वीट दिसते, तरी हत्तींनी स्तूप पेललाय असंच वाटतं. शेजारी ध्यानकेंद्र आहे, पांढऱ्या कपड्यांतले साधक दिसतील. इगतपुरी जवळ असलेल्या आपल्याला ते दृश्य परकं वाटत नाही. तिथे हळू बोला.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं हे शहर जाळलं. बिनडोक्याच्या मूर्ती जागोजागी दिसतील. कित्येक मस्तकं नंतर चोरांनीही नेली. पाहताना फार त्रास होतो. त्या विध्वंसातून वाचलेलं वाट ना फ्रा मेन म्हणूनच चुकवू नका. ते बेटाच्या उत्तरेला, कालव्यापलीकडे आहे. मुख्य मंदिरात राजवेषातला मुकुटधारी बुद्ध आहे, पण तुम्ही बाजूच्या लहान विहारात जा. तिथे पाय खाली सोडून बसलेला दगडी बुद्ध आहे, अयुथ्या वसण्याच्या कितीतरी आधीचा, द्वारावती काळातला. वेरूळचं दहावं लेणं पाहिलं असेल तर ही बैठक लगेच ओळखाल.

सायकली भाड्यानं मिळतात, पण पुलावर वाहनं जोरात असतात. तुम्ही तुकतुक, म्हणजे तिथली रिक्षा घ्या, भाडं आधी ठरवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, टोपी आणि पाणी हवंच. शाकाहारी असाल तर ‘जे’ (थाई लिपीत เจ, म्हणजे शुद्ध शाकाहारी) लिहिलेली खाणावळ शोधा. एरवी भाजीतही माशाचा सॉस असतो. आणि काकूंसाठी रोती साईमाई घ्या : पातळ रोटीत गुंडाळलेले साखरेचे रेशमी तंतू, तिथल्या मुस्लिम वस्तीची खासियत.