न्यूझीलंडमध्ये १८९३ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो केट शेपर्ड यांच्या चळवळीमुळे की संसदेतल्या पुरुषांमुळे?

दोघांमुळे, पण जोर चळवळीचाच. शेपर्ड आणि दारूबंदीवाल्या महिला संघटनेने गावोगाव फिरून सह्या जमवल्या नसत्या, तर संसदेतल्या मित्रांच्या हातात दाखवायला काही नसतं. १८९३ च्या अर्जांवर मिळून जवळपास ३२ हजार सह्या होत्या. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून त्याची लांबलचक गुंडाळी केली होती. माजी पंतप्रधान सर जॉन हॉल यांनी ती सभागृहात आणून जमिनीवर उलगडली. मूळ अर्ज आजही वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहायला मिळतो.

गंमत म्हणजे हॉल पुराणमतवादी आणि विरोधी बाकांवरचे, तर उदारमतवादी सरकारचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनाच हे विधेयक नको होतं. वरिष्ठ सभागृहात ते पडावं म्हणून सेडननी आपल्या एका सदस्याला मत फिरवायला लावलं. या दबावाचा राग येऊन विरोधातल्या दोघांनी उलट बाजूने मत दिलं आणि ८ सप्टेंबरला विधेयक २० विरुद्ध १८ ने तरलं! १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली. म्हणजे सेडनही नकळत मदतीलाच आले म्हणायचे.

एक लक्षात ठेवा: हा हक्क फक्त मत देण्याचा होता. संसदेच्या निवडणुकीला उभं राहायला स्त्रियांना १९१९ पर्यंत थांबावं लागलं.