लिव्हरमोर लॅबची पोस्टडॉक ऑफर: भारतीय पासपोर्टवर कुठवर जाता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कॉम्प्युटेशनल मटेरियल्समध्ये पीएचडी झाली, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर नॅशनल लॅबोरेटरीची पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या काही वर्षांच्या संशोधनाची) ऑफर हातात आहे, आणि पाषाणच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले बाबा म्हणतात, "ती बॉम्बवाल्यांची लॅब. तुला गेटवरच बसवून ठेवतील." मी तिथे पोस्टडॉक केलंय, आता इथेच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, बे एरियात, एका खासगी कंपनीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांचं निम्मं खरं आहे. अर्नेस्ट लॉरेन्स आणि एडवर्ड टेलर या भौतिकशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ही लॅब उभी राहिली ती अण्वस्त्रांसाठीच, पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामोस लॅबला तोडीस तोड म्हणून. आजही तिचा कणा तोच. अमेरिकेने शेवटची अणुचाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. तेव्हापासून साठ्यातली जुनी शस्त्रं शाबूत आहेत की नाही हे स्फोट न करता ठरवावं लागतं, आणि लॅबच्या संचालकांना दरवर्षी सरकारला तसं लेखी कळवावं लागतं. एवढाले लेझर आणि सुपरकॉम्प्युटर मुख्यतः त्यासाठी. ५ डिसेंबर २०२२ ला लॅबच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेझर केंद्रात १९२ लेझर झोतांनी हायड्रोजन इंधनाच्या लक्ष्याला २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि अणू एकत्र होऊन (फ्युजन) ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. लगेच सगळीकडे स्वस्त विजेच्या बातम्या! ते लेझर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे बातमीच्या तळाशी. इंधनाच्या मिरीच्या दाण्याहून लहान कॅप्सूलमध्ये शस्त्राच्या पोटात असतो तसला दाब आणि तापमान मिळतं, लॅबच्या लेखी खरी कमाई ती.

मग तुम्ही बॉम्ब बनवणार का? नाही. धातू प्रचंड दाबाखाली कसा वागतो याची गणितं कराल, पेपर छापाल. पण तीच समीकरणं कुंपणापलीकडचा, म्हणजे शस्त्रांवर काम करणारा माणूस त्याच्या कोडमध्ये वापरू शकतो. तुम्हाला हे चालणार आहे का, याचा विचार विमानात बसण्याआधी करा. मला चाललं, माझ्याबरोबरच्या एकाला चाललं नाही, तो विद्यापीठात गेला. दोघांचंही बरं चाललंय.

गेटचं म्हणाल तर बसवून ठेवत नाहीत, पण कागद भरून घेतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या 'संवेदनशील देशां'च्या यादीत भारत आहे, इस्रायल आणि तैवानही आहेत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. परवानगीला महिने जातात. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरियाच्या नागरिकांना तर २०२५ पासून अशा लॅबमध्ये जवळपास दारच बंद झालंय; भारत त्यात नाही. आत गेल्यावर तुमच्या बॅजवर ज्या इमारती उघडतात तेवढ्याच तुमच्या. एल कॅपिटन हा नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगात जगात पहिला ठरलेला सुपरकॉम्प्युटर गोपनीय कामासाठी आहे. खुल्या संशोधनाला त्याचं धाकटं भावंड आहे. पेपर जर्नलला धाडण्याआधी लॅबची तपासणी होते, मग त्यावर 'एलएलएनएल-जेआरएनएल' असा क्रमांक पडतो. सुरुवातीला वैताग येतो, नंतर सवय होते. आणखी एक: क्लिअरन्स (गोपनीय कामाची सरकारी परवानगी) असलेल्या सहकाऱ्याशी घरोबा वाढला की त्याला ते सुरक्षा विभागाला कळवावं लागतं. दिवाळीच्या फराळाला बोलावलंत आणि तो जरा अवघडला, तर कारण चकली नव्हे.

खरी अडचण पुढची. कायम नोकरीच्या बऱ्याच जागांना अण्वस्त्रांच्या गोपनीय माहितीसाठीचा 'क्यू' क्लिअरन्स लागतो आणि तो फक्त अमेरिकन नागरिकाला मिळतो. भारतीयांसाठी ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या वर, त्यानंतर नागरिकत्वाला आणखी पाच, आणि ते घेतलं की भारतीय पासपोर्ट गेला. तेव्हा ही दोन-तीन वर्षांची उत्तम पोस्टडॉक आहे असं धरून या. डीआरडीओत परदेशी माणसाला शास्त्रज्ञ म्हणून नोकरीच नाही. इथे निदान अर्धं दार उघडं आहे, हे बाबांना सांगा. ते स्फोटकांच्या क्षेत्रातले, तेव्हा फोनवर कामाच्या गप्पा मात्र नकोत.

राहायला लिव्हरमोर महाग. डोंगरापलीकडचं ट्रेसी स्वस्त, पण आल्टामाँटचा घाट रोज गाडीने म्हणजे शिक्षा. एसीई रेल्वेचं वास्को स्टेशन लॅबजवळ आहे, ते बघा. उन्हाळा पुण्याच्या मे महिन्यासारखा, फक्त कोरडा. गावात शिव-विष्णू मंदिर आहे आणि १९७७ मध्ये लॅबने वीस झोतांचा एक लेझर बांधला होता, त्याचंही नाव 'शिवा'!

आता व्हिसा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानुसार अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-वन-बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, एक लाख डॉलर शुल्क लागू झालं. ते अजून लागू आहे का, लॅब ते भरणार की जे-वन हा देवाणघेवाणीचा (एक्स्चेंज) व्हिसा देणार, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. जे-वन असेल तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते का, तेही विचारा. ही उत्तरं येईपर्यंत पुण्यातली नोकरी सोडू नका.