स्टेपनी निघेना आणि गाडी घाटाखाली अडकली : दावा कोणावर लावायचा?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. गेल्या दसऱ्याला कर्ज काढून पिकअप घेतली. घरात ही एकच गाडी, आलटून पालटून आम्हीच चालवतो. डीलरने गाडी आणि बॉडी मिळून एकच कोटेशन दिलं, एकूण साडेअकरा लाख, सगळे पैसे त्याच्याच खात्यात भरले. बॉडीचं बिल मात्र नंतर दुसऱ्याच फॅब्रिकेटरच्या नावाने आलं. यंदा आषाढात टोमॅटो घेऊन वाशीला निघालो. माळशेज उतरल्यावर टोकावड्याच्या अलीकडे रात्री मागचं टायर फुटलं. स्टेपनी हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते. ती खाली सोडायचं हँडल ज्या भोकातून घालायचं, त्याच्यासमोर बॉडीचा लोखंडी अँगल आडवा निघाला. भाऊ भर पावसात भरल्या गाडीखाली शिरला, तरी जमलं नाही. शेवटी मुरबाडहून मेकॅनिक आणून साखळी कापली. वाशीला पोचेपर्यंत बाजार उरकला होता, माल पडत्या भावाने गेला. अर्धे क्रेट शेजाऱ्यांचे होते, त्यांची भरपाई आम्ही खिशातून केली. डीलर म्हणतो, बॉडी वॉरंटीत नाही, डिलिव्हरीच्या कागदावर तुमची सही आहे आणि आता कायद्याने स्टेपनी लागतही नाही. बॉडीवाला म्हणतो, डीलरने सांगितलं तसं बांधलं. आता डीलर अँगल फुकट कापून द्यायला तयार आहे, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून मागतो. सध्या स्टेपनी केबिनच्या टपावर दोरीने बांधतो. काय करावं?

उत्तर : आधी टपावरची स्टेपनी उतरवा. दाव्याचं आपण पुढे बघू, हे काम मात्र आजच करा. पिकअपचं टायर रिमसकट चांगलं जड असतं. उतारावर जोरात ब्रेक लागला आणि दोरी सुटली, तर ते थेट पुढच्या मोटारसायकलवर जाऊन पडेल. माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचा गुन्हा लागतो आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बॉडीवाल्याने भोक बुजवलं होतं, हा त्या गुन्ह्यात तुमचा बचाव होत नाही, कारण दोरी तुम्ही बांधलेली असते. भरपाईचा दावा वेगळाच, आणि त्यात ‘मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघात’ या शब्दांचा अर्थ न्यायालयं किती रुंद लावतात, तेही लक्षात ठेवा. १९८७ साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून आडवा झाला आणि सुमारे चार तासांनी त्याचा स्फोट होऊन जमलेली माणसं दगावली. टँकर तर तेव्हा उभाही नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो मृत्यू वाहनाच्या वापरातूनच झाला असं धरलं.

तोवर स्टेपनी हौद्यातच, केबिनच्या पाठीला लावून उभी ठेवा आणि बोल्टच्या पट्टीने आवळा. एक-दोन क्रेटची जागा जाईल, जाऊ द्या. बाहेरच्या बाजूला कायमचा स्टँड वेल्ड करून घेऊ नका. आरसीवर नोंदलेल्या लांबी, रुंदी, उंचीत फरक पडला की मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ आड येतं, आणि तसा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली शिक्षा आहे. टपावर किंवा फाळक्याला उघडी ठेवलेली स्टेपनी चोरीला गेली, तर विमाही बहुधा हात वर करतो. मालवाहू गाड्यांच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अशी अट असते की सुटं सामान एकटंच चोरीला गेलं तर भरपाई नाही, त्यासोबत गाडीही गेलेली असावी लागते. आपल्या पॉलिसीतला अपवादांचा भाग एकदा वाचून घ्या.

आता दाव्याकडे वळू. डीलरच्या तीन उत्तरांपैकी स्टेपनी लागतच नाही हे सगळ्यात कच्चं आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्टेपनीची सूट आली हे खरं. पण ती साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊपेक्षा जास्त आसनं नसलेल्या प्रवासी गाड्यांसाठी आहे, आणि तीही ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच हे तिन्ही असेल तर. मालवाहू पिकअप त्यात बसत नाही. शिवाय तुमची तक्रार स्टेपनी दिली नाही अशी नाहीच. ती दिली, किंमत घेतली आणि मग हात पोचणार नाही अशी करून ठेवली, ही तक्रार आहे. अर्ज लिहिताना हेच वाक्य पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

डिलिव्हरीच्या सहीला डीलर समजतो तेवढी किंमत नाही. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या छापील ओळीखाली सही करणारा माणूस रंग, काच, मीटर, चाव्या बघतो. हँडल आत जातं की नाही हे बघायला कोणी शोरूमच्या अंगणात स्टेपनी उतरवत नाही. ते बघणं विकणाऱ्याचं काम आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमात विक्रेत्याची जबाबदारी ठरवणारं कलम ८६ आहे. त्यात जोडणी आणि तपासणीत वाजवी काळजी न घेणं, तसंच हानीला मोठं कारण ठरेल असा बदल वस्तूत करणं, ही दोन्ही कारणं स्पष्ट लिहिलेली आहेत. त्याच प्रकरणातल्या अपवादाचा आधार डीलरला मिळू शकतो : नुकसान झालं त्या वेळी खरेदीदारानेच गाडीत बदल केलेला असेल तर विक्रेता सुटतो. म्हणून अँगलला हात लावण्याआधी पुरावा गोळा करा, असा माझा आग्रह आहे. साखळी कापली ती बिघाड उघड झाल्यानंतर, नाइलाजाने कापली, हे मेकॅनिकच्या बिलाने आणि त्याच्या प्रतिज्ञापत्राने दाखवा.

खरा वाद बॉडी कोणाची, यावर होणार. तुम्ही स्वतः केबिन-चासी घेऊन गावच्या बॉडीवाल्याकडे गेला असता, तर डीलर आणि कंपनी दोघंही बाजूला झाली असती आणि एकटा फॅब्रिकेटर उरला असता. तुमचं तसं नाही. कोटेशन एकच, पैसे एकाच खात्यात आणि गाडी बॉडीसकट डीलरच्या आवारातून बाहेर आली. बिलावर नाव कोणाचंही छापलेलं असो, तुमचा व्यवहार डीलरशी झाला आणि बॉडीवाल्याला कामाला लावणाराही तोच. त्यामुळे डीलर सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) क्रमांक एक आणि फॅब्रिकेटर क्रमांक दोन. डीलरने सांगितलं तसं बांधलं, असं बॉडीवाला म्हणतोय ना, ते तुमच्या फायद्याचं आहे. त्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर तो मेसेज पुसू नका आणि फोनही बदलू नका. कंपनीला पक्षकार करायचं की नाही याचा विचार करा. कंपनीच्या मूळ चासीत भोक उघडं असेल तर तिच्यावर दोष लावणं अवघड आहे. पण त्या बॉडीचं रेखाचित्र कंपनीने मंजूर केलेलं निघालं, तर गोष्ट बदलेल. नोटिशीत ते रेखाचित्र मागा.

सामनेवाल्यांचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल : ‘गाडी व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून हे ग्राहकच नाहीत.’ हा मुद्दा गंभीरपणे घ्या. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे. त्याच्याच स्पष्टीकरणात असं आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरायची नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण घेतलं आहे : स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. तुमच्याकडे एकच गाडी आहे आणि दोघे भाऊच ती चालवता, म्हणजे तुम्ही यात नीट बसता. पण हे अर्जात शब्दांनी लिहिलेलं हवं. दोघांचे परवाने, सातबारा, कर्जाचे हप्ते अर्जाला जोडा. हे वाक्य लिहायचं राहिलं म्हणून चांगल्या तक्रारी पहिल्याच तारखांना अडकतात.

मालाच्या नुकसानीबद्दल स्पष्टच सांगतो. उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, जे प्रकरण अधिनियमात आहे, त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून व्यापारी किंवा आर्थिक नुकसान वगळलेलं आहे. भाव पडला, हे आर्थिक नुकसान. त्यामुळे सगळा अर्ज त्या प्रकरणावर उभा करू नका. सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यांवर मुख्य भर ठेवा. तिथे ग्राहक आयोगाला कलम ३९ खाली सामनेवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देता येते. ती मिळण्यासाठी आकडा कागदावर दिसायला हवा. त्या दिवशीची अडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद), आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्या, बाजार समितीत नोंदलेले त्या तारखेचे भाव, शेजाऱ्यांना दिलेल्या पैशांच्या सह्या केलेल्या पावत्या हे सगळं जमवा. शेजाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. पावतीवर आजचीच तारीख घाला, पैसे कधी दिले ते मजकुरात लिहा. मागची तारीख घातलेली पावती उलटतपासणीत उघडी पडते आणि तिच्याबरोबर खऱ्या पावत्याही संशयात जातात. मागाल तेवढी सगळी रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही. दुरुस्ती, साखळीचा खर्च, मेकॅनिक, पट्टीतला फरक, मानसिक त्रास आणि दाव्याचा खर्च एवढं मागा, आणि प्रत्येक रकमेशेजारी कागदाचा क्रमांक लिहा.

पुराव्यात सगळ्यात बोलका भाग तुमच्या गाडीच्या मागे वेल्ड केलेला आहे. दिवसाउजेडी, गाडी सपाट जागेवर उभी करून व्हिडिओ काढा. आधी नंबरप्लेट दाखवा, मग कंपनीच्या पुस्तिकेतलं स्टेपनी उतरवायचं पान, मग तेच हँडल हातात घेऊन भोकाकडे न्या. ते अँगलला कुठे टेकतं आणि भोकापासून किती बोटं अलीकडे थांबतं, ते टेप लावून दाखवा. वेल्डिंगच्या जुन्या रंगाचा जवळून फोटो घ्या, म्हणजे अँगल नंतर तुम्ही बसवला असं कोणी म्हणणार नाही. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, ग्राहक संरक्षण अधिनियमाचं कलम ६९. ती टायर फुटलं त्या रात्रीपासून मोजायची असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजा आणि ती दोन वर्षं संपण्याआधी अर्ज दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात. शोरूम कुठे का असेना, तिकडे हेलपाटे घालायचं कारण नाही. दिलेली किंमत पन्नास लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगाचाच अधिकार. दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात फी चारशे रुपये आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून बघा. काही डीलर तिथेच नमतात, आणि नाही नमले तरी तुम्ही वेळेत बोललात याची नोंद राहते. नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी द्या, स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची.

राहिला फुकट अँगल कापून देण्याचा प्रस्ताव. दुरुस्ती जरूर करून घ्या. गाडी अशीच रस्त्यावर फिरत राहणं तुमच्या भावाच्या जिवाला घातक आहे, आणि निकाल लागेपर्यंत पुन्हा कोणी भरल्या गाडीखाली शिरावं असं मला अजिबात वाटत नाही. रात्री पुन्हा पंक्चर झालंच, तर गाडी रस्त्याच्या पार कडेला घ्या, मागे त्रिकोण लावा आणि दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. माल गेला तर जाऊ द्या. ‘तक्रार नाही’ या कागदावर मात्र सही करू नका. डीलरच्या जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहा : ‘अँगलमुळे स्टेपनी उतरत नव्हती म्हणून दुरुस्तीस दिली. नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवून.’ खाली तारीख घाला आणि जॉबकार्डची प्रत तिथेच मागून घ्या. ती द्यायला नकार दिला तर गाडी आत सोडू नका आणि त्याच दिवशी ईमेलने तसं कळवा. कापलेला अँगलचा तुकडा आणि तुटलेली साखळी परत घ्या, दोन्ही गोणीत बांधून घरी ठेवा. आयोगात दाखवायला ते लागतील.