प्रश्न: वाशीतली आमची जुनी इमारत (खाली दुकानं, वर घरं) पुनर्विकासाला जातेय. वाढीव एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आहे, गाळेवाल्यांना जागाही जास्त मिळतेय, तरी ते सही का करत नाहीत?

कारण दुकान चौरस फुटांवर चालत नाही. सही न करणाऱ्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे, ठाण्यात मी त्यांच्यातलीच एक होते.

नौपाड्यात माझ्या सासऱ्यांचं मॅचिंग सेंटर होतं. गाळा १८० फुटांचा, पण दहा फूट तोंड रस्त्याला. बायका साडी घेऊन येत, नाना, म्हणजे सासरे, अस्तराच्या चार शेड काढून देत आणि म्हणत, "ओट्यावर उजेडात बघा." ट्यूबलाइटखाली राणी आणि डाळिंबी सारखेच दिसतात, उन्हात फरक कळतो. आमचा धंदा त्या ओट्यावरच्या उजेडावर होता.

२०१४ च्या पावसाळ्याआधी इमारत अतिधोकादायक ठरली. वर वीस घरं, खाली चार गाळे. सभेत तासन्‌तास बोलणं चालायचं ते कॉर्पसवर (बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांवर) आणि बेडरूमच्या मापावर. मी विचारलं, नव्या नकाशात आमचा गाळा कुठे? कागदपत्रं धाकटे दीर बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, पंचेचाळीस फूट जास्त मिळतायत, अजून काय हवं?" करारात क्षेत्रफळ दशांशापर्यंत होतं. गाळ्याचं तोंड कुठल्या बाजूला, याबद्दल एक ओळ नव्हती.

दोन वर्षं म्हणाले, साडेचार लागली. भाडं दिलं ते घरांच्या दरानं. तेवढ्यात स्टेशनच्या पश्चिमेला गाळा मिळेना, म्हणून कोपरीला गेलो. नौपाड्यातली बाई दोन मीटर अस्तरासाठी रूळ ओलांडून पूर्वेला येत नाही. बहुतेकांना वाटलं, दुकान बंदच झालं.

२०१९ मध्ये परत आलो तर आमच्या ओट्याच्या जागी पार्किंगचा रॅम्प. रस्त्याकडचे दोन मोठे गाळे बिल्डरने विकलेले आणि आम्ही बाजूच्या पॅसेजमध्ये, शटरसमोर गाड्या. एकदा नाना शेड दाखवायला गिऱ्हाइकाबरोबर रॅम्पवरून रस्त्यापर्यंत चालत गेले. मागून गाडी आली, वॉचमनने हाताला धरून त्यांना बाजूला केलं. पंचाहत्तरीचा माणूस, हातात डाळिंबी अस्तर. त्या दिवाळीनंतर दुकान बंद केलं.

दीर अजून म्हणतात, मॉलमुळे बुडालंच असतं. कोरम मॉल २००९ चा, विवियाना २०१३ चा. दोन्ही चालू असताना २०१३ च्या दिवाळीत नानांना जेवायला घरी येता आलं नव्हतं. मॉलमध्ये फॉल-बीडिंग मिळत नाही हो.

आता तुमच्याकडचं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या सुधारित निर्देशांनी पुनर्विकासाच्या संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली. घरं जास्त आणि गाळे मोजके असतील तर गाळेवाल्यांच्या मताला किंमतच राहत नाही. म्हणून ते सही अडवतात. त्यांच्या हातात तेवढंच आहे.

युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, २०२० पासून ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरांत आहे. रस्ता रुंद तसा प्रीमियम एफएसआय (सरकारला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) जास्त. घरांपेक्षा व्यापारी बांधकामाला अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआयही जास्त, ६० च्या जागी ८० टक्क्यांपर्यंत. हे सगळं प्लॉटच्या मालकाला आणि बिल्डरला. जुन्या दुकानदाराला त्याचं दर्शनी तोंड परत दिलं तरच सवलत, अशी अट महापालिकेने घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. अट घालता येते. २०२१ मध्ये राज्य सरकारने बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली, तेव्हा घर घेणाऱ्याची स्टॅम्प ड्युटी बिल्डरनेच भरायची, हे सोबत बांधलेलं होतं. घर घेणाऱ्यासाठी जमलं ते चाळीस वर्षं त्याच गाळ्यात बसणाऱ्यासाठी का नाही? आणि मोठं मार्केट असेल तर एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने पाडावं, म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही.

इमारत पाडायलाच नको होती असं मी म्हणत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचे तुकडे पडत होते, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी होती. दिरांचं तेवढं बरोबर होतं. तुमच्याकडे जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल, तर महापालिकेच्या परवानगीबरोबर सिडकोचं ना-हरकतही लागेल. तो व्यवहार आमच्याकडे नव्हता, त्यावर जाणकाराला विचारा.

तुम्ही वर राहत असाल तरी पुढच्या सभेत एवढं करा. प्रत्येक गाळ्याचा नंबर, रस्त्याकडच्या तोंडाची फुटातली रुंदी आणि दुकानाच्या बाजारभावाने भाडं, हे तिन्ही नोंदणीकृत करारात घालायला लावा. नकाशा हातात आला की आधी रॅम्प कुठे उतरतो ते बघा.