स्पॅनाकोपिटा पहिल्यांदा करताय? आधी पालक पिळा

स्पॅनाकोपिटा म्हणजे पालक आणि फेटा चीजचा ग्रीक पाय. त्याचा तळ ओला राहतो तो बहुतेक पालकामुळे, ओव्हनमुळे नाही. एक किलो पालक चिरून, किंचित मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि मग पंचात घालून पिळा. पाणी थेंबथेंब यायचं थांबलं तरी पुन्हा एकदा पिळाच. पालक सुटसुटीत, जवळजवळ कोरडा लागला पाहिजे. कांद्याची पात तेलात परतून पूर्ण गार करा. गरम सारण घातलं की फिलो, म्हणजे पायचे कागदासारखे पातळ पिठाचे पत्रे, तिथेच लिबलिबीत होतो. मग पालकात ही पात, २५० ग्रॅम कुस्करलेलं फेटा चीज, दोन अंडी, मूठभर शेपू, मिरपूड. शेपू वगळू नका, ग्रीक चव त्यातच आहे. वरून मीठ नको, फेटा खारट असतो. शंका असेल तर दोन चमचे रवा मिसळा, उरलंसुरलं पाणी तो शोषून घेतो.

फ्रोझन फिलो आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. घाईने बाहेर वितळवला तर पत्रे एकमेकांना चिकटून फाटतात. काम करताना वर प्लास्टिक आणि त्यावर ओलसर फडकं; फडकं थेट पत्र्यांवर नको.

खाली सात, मध्ये सारण, वर सात पत्रे, प्रत्येकावर ऑलिव्ह तेलाचा हलका हात. मधला एखादा फाटला तर खुशाल तसाच लावा. वरच्या थराचे चौकोन भाजण्याआधीच कापा, नंतर सुरी लावली की चुरा होतो. १८० अंशांवर, खालच्या कप्प्यात, ४५ ते ५० मिनिटं. बाहेर काढल्यावर झाकू नका. वीस मिनिटांनी वाढा.