पानगळ, आरव्ही आणि घरचं कॅलेंडर: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घरांतून आलेत, न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मेरीलँड. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच, की फॉलमध्ये आरव्ही (आतच पलंग, स्वयंपाकघर, टॉयलेट असलेली गाडी) घेऊन पानांचे रंग बघायला जायचंय पण शाळा, ऑफिस, सण, रविवारची मराठी शाळा हे सगळं सांभाळून कसं जमवायचं. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतायत ते कळेल: आधी घरचं कॅलेंडर भरायचं आणि मग उरलेल्या जागेत ट्रिप बसवायची. उलटं केलं की ट्रिपमध्ये घरची काळजी आणि घरी आल्यावर ट्रिपचा थकवा, दोन्हीकडून आपणच दमतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलं ९ आणि १२ वर्षांची. दरवर्षी भाड्याने घेण्यापेक्षा एक वापरलेली आरव्ही विकतच घ्यावी असं मिस्टरांचं म्हणणं आहे. घ्यावी का?

उत्तर: या वर्षी नको. आधी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या भाड्याने घेऊन बघा, एक क्लास सी म्हणजे ट्रकच्या केबिनवर पलंग असलेली, आणि एक छोटी व्हॅनसारखी क्लास बी, कारण चौघांना कोणती सोसते हे फोटो बघून कळत नाही, पावसात एक दिवस आत बसल्यावरच कळतं. विकत घेतली की खर्च गाडीच्या किमतीवर थांबत नाही. क्लास सी एका गॅलनला साधारण ८ ते १० मैल देते, इन्शुरन्स वेगळा, आणि बऱ्याच एचओए (म्हणजे वस्तीच्या घरमालकांच्या संघटना) ड्राइव्हवेत आरव्ही उभी करू देत नाहीत म्हणजे स्टोरेजचं भाडं बारा महिने चालू. शिवाय छतातून पाणी झिरपतंय का हे वर्षातून दोनदा तरी शिडी लावून बघावं लागतं, आणि ते काम कोण करणार हे दोघांनी आधीच ठरवून टाका.

भाड्याने घेताना मात्र मैलांचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात का ते नीट वाचा, बिल फुगतं ते तिथेच. आणि पहिल्या ट्रिपला लांब जाऊ नका. तुमच्याकडून डेलावेअर वॉटर गॅप, पोकोनोजचे डोंगर हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी निघून पोचण्यासारखं आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्यात पोकोनोजचे मेपल काही कमी सुंदर नसतात.

प्रश्न: आम्ही ॲशबर्न, व्हर्जिनियाचे. कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला शेनांडोआ नॅशनल पार्कला आरव्ही न्यायचा प्लॅन आहे, पण आमच्याकडे घट बसतात. सासूबाई म्हणतात घट बसवून घर बंद ठेवायचं नाही. काय करू?

उत्तर: सासूबाईंचं ऐका, आणि मी हे फक्त त्यांचा मान ठेवायचा म्हणून सांगत नाहीये. यंदा, म्हणजे २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, गणपती १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि कोलंबस डे १२ ला, म्हणजे घट बसणार तो रविवार तुमच्या लाँग वीकेंडच्या बरोब्बर मध्ये. अखंड दिवा लावून घर बंद करून जाणं हे तर कुठल्याही परिस्थितीत नाही, आपली घरं लाकडाची आहेत. आणि एरवीही त्या वीकेंडला पार्कमधून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्हवर गाड्यांची एवढी रांग असते की डोंगरापेक्षा पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट जास्त बघायला मिळतात.

तुम्ही २३ ते २५ ऑक्टोबर बघा. घट उठलेले असतील, दसरा झालेला असेल, आणि शेनांडोआचा खरा रंग येतो तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच. बिग मेडोज कॅम्पग्राउंड माइलपोस्ट ५१ ला आहे. तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं त्यामुळे आता फुल्ल दिसेल, पण लोक शेवटच्या आठवड्यात भराभर कॅन्सल करतात, रोज सकाळी एकदा बघत राहा. नाहीच मिळालं तर खाली ल्युरे गावात प्रायव्हेट कॅम्पग्राउंड आहेत, तिथे वीज-पाण्याचं हुकअप मिळतं जे पार्कच्या आत कुठेच नाही.

एक गोष्ट आवर्जून: ल्युरेकडून वर चढून बिग मेडोजकडे वळलात की लगेच मेरीज रॉक टनेल लागतो, त्याची उंची १२ फूट ८ इंच. क्लास सी सहसा ११-१२ फुटांत बसते पण छतावरचा एसी धरून उंची किती ते भाड्याच्या कागदावर बघा आणि चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. काठावरचं माप असेल तर रूट ३३ ने स्विफ्ट रन गॅपवरून या, तो बोगदा लागतच नाही.

आणि हो, कोजागिरी रविवारी २५ लाच आहे. शनिवारी रात्री बिग मेडोजच्या त्या मोकळ्या कुरणावर चंद्र जवळजवळ पूर्ण दिसेल, तो मुलांना घेऊन बघा, स्वेटर-टोप्या घालून कारण ती जागा साडेतीन हजार फुटांवर आहे आणि ऑक्टोबरअखेर रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते. रविवारी दुपारपर्यंत घरी या आणि मसाला दूध आपल्या डेकवर, सासूबाईंसोबत.

प्रश्न: दहा दिवस सुट्टी टाकून न्यू हॅम्पशायर, मेन सगळं एकदमच करावं असं वाटतं. मुलगी चौथीत आहे, चौथीची शाळा बुडली तर काय एवढं?

उत्तर: चौथीत आहे ना, मग आधी तिचा नॅशनल पार्कांसाठीचा एव्हरी किड आउटडोअर्सचा पास काढा. चौथीच्या मुलांसाठी तो फुकट असतो आणि १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतो. शाळेचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी वर्षाचे १० टक्के दिवस चुकले की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजतात, १८० दिवसांच्या वर्षात ते १८ होतात, आणि त्यात तिची आजारपणंही आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच दहा दिवस उडवले तर फेब्रुवारीत फ्लू आला की तुम्हीच धास्तावाल. शिवाय हे महिने शिक्षकांना मूल कळायचे असतात, त्यातले सलग दोन आठवडे गेले की मुलीला परत घुसायला जड जातं, विशेषतः ती बुजरी असेल तर.

एक शुक्रवार आणि एक सोमवार मागा, शिक्षकांना दोन आठवडे आधी ईमेल करा, आणि चार दिवसांत फक्त न्यू हॅम्पशायरच करा. मेन वेगळ्या वर्षी. तिथल्या अकेडिया नॅशनल पार्कला पोचायलाच तुमचा एक पूर्ण दिवस जातो आणि वर आरव्ही त्यातल्या कॅडिलॅक माउंटनवर नेता येत नाही.

प्रश्न: आई-बाबा पुण्याहून आलेत, दोघं सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना आरव्हीत न्यावं का, की हॉटेलच बरं?

उत्तर: न्या. मला विचाराल तर आरव्हीचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे, कारण टॉयलेट कायम बरोबर, चहा हवा तेव्हा, आणि दुपारी पाठ टेकायला जागा. हॉटेलच्या प्रवासात आई-बाबा पाणीच कमी पितात, दर तासाला गाडी थांबवायला सांगायचा संकोच वाटतो म्हणून. फक्त काही गोष्टी आधी ठरवा.

झोपायला मागचा कायमचा पलंग त्यांचा, केबिनवरचा पलंग शिडीचा असतो तो मुलांना. चालत्या गाडीत प्रत्येकाला बेल्टची सीट हवीच आणि ती पुढे तोंड असलेली, आडव्या सोफ्यावर ना आजी ना कार सीट. चालू गाडीत उठून चहा टाकायचा नाही हे आईला निघायच्या आधीच सांगा, कारण ती उठणार. पायरी उंच असते म्हणून एक रुंद, न घसरणारं स्टूल बरोबर घ्या. औषधं हाताशी ठेवा, खालच्या सामानाच्या कप्प्यात नको.

स्वयंपाकाचं: गॅस प्रोपेनचा असतो, छोटा कुकर छान चालतो, पण फोडणीने स्मोक अलार्म वाजतो तेव्हा वरचा पंखा आणि खिडकी आधी उघडा, नाहीतर टेबलावर बाहेर कॅम्प स्टोव्ह लावा. घरून डाळ-तांदूळ मोजून, थालीपिठाची भाजणी, दोन दिवसांची भाजी फ्रीज करून न्या. ताटं धुण्याआधी पेपर टॉवेलने पुसून काढा, तेल आणि डाळीचं पाणी ग्रे टँकमध्ये (सिंकचं सांडपाणी साठवायच्या टाकीत) गेलं की तिसऱ्या दिवशी वास सुटतो. शेनांडोआ आणि स्मोकीज (टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रेट स्मोकी माउंटन्स पार्क) दोन्हीकडे अस्वलं आहेत, खरकटं किंवा लाडूचा डबा बाहेर टेबलावर ठेवून झोपायचं नाही. हुकअप ३० अँपचं असेल तर एकूण ३६०० वॉट मिळतात, म्हणजे बाबांसाठी हीटर १५०० वर, इंडक्शन १८०० वर आणि कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. एका वेळी दोनच.

अजून एक, १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या मोठ्या माणसांना अकेडियासह ११ नॅशनल पार्कांत माणशी १०० डॉलर जादा फी लागू झालीय. शेनांडोआ आणि स्मोकीज त्या यादीत नाहीत, हेही एक कारण आई-बाबांबरोबर दक्षिणेला वळायचं.

प्रश्न: कारचं जीपीएस चालतं ना?

उत्तर: नाही चालत, आरव्हीची उंची आणि प्रोपेन दोन्ही टाकता येतील असं ॲप घ्या. नेहमीचा मॅप तुम्हाला बिनदिक्कत मेरिट, टॅकोनिक किंवा पॅलिसेड्स पार्कवेवर घालेल, तिथे आरव्हीला बंदी आहे आणि काही पूल इतके बुटके आहेत की छत सोलून निघतं. बाल्टिमोरचे पाण्याखालचे दोन्ही बोगदे प्रोपेनच्या मोठ्या टाक्या असलेल्या गाड्यांना बंद. पूर्वी त्याला पर्याय म्हणून की ब्रिज होता, तो २६ मार्च २०२४ ला पडला, त्यामुळे आता बाल्टिमोरभोवतीच्या ६९५ हायवेच्या पश्चिम बाजूने वळसा घालून जावं लागतं. एडिसनहून शेनांडोआला जाणाऱ्यांनी तर ९५ नंबरचा हायवे घेऊच नये, ७८ आणि मग ८१ घ्यावा, ट्रक खूप असतात पण रस्ता सरळ आहे.

प्रश्न: रिमोट जॉब आहे, दोन आठवडे आरव्हीतून काम करत फिरता येईल का?

उत्तर: डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर मीटिंग लावू नका, एवढंच. आणि एच-१बी व्हिसावर असाल तर कामाची जागा बदलण्याचे नियम कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय निघू नका, मॅनेजर "हो चालेल" म्हणाला हे पुरेसं नाही.

प्रश्न: हा प्रश्न कदाचित सगळ्यांपेक्षा वेगळा असेल. नवऱ्याला फॉलमधला प्रत्येक वीकेंड बाहेर हवा असतो. मला पानं आवडतात, पण सोमवारी कपड्यांचा ढीग, रिकामा फ्रीज, मुलांची मराठी शाळा सलग तीन रविवार बुडालेली. मी नको म्हटलं की मी रसिक नाही असं होतं.

उत्तर: वेगळा नाहीये, फक्त लिहून पाठवलात तुम्ही. यात रसिकतेचा काही संबंध नाही, कामाच्या वाटणीचा आहे. ट्रिप म्हणजे गाडी चालवणं आणि शेकोटी एवढंच दिसतं, पण त्याआधीचं भरणं आणि नंतरचं धुणं-पुसणं कोणी मोजत नाही, आणि बहुतेक घरांत ते एकाच माणसाकडे असतं. नवऱ्याला ट्रिपच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाची यादी करायला सांगा, तुम्ही करू नका, त्यांनी करायची. मग त्यातली निम्मी त्यांच्या नावावर. टँक रिकामे करणं हे काम मोठं वाटतं पण डम्प स्टेशनवर (सांडपाणी ओतायच्या जागी) ते वीस मिनिटांत होतं, कपडे आणि डबे संपूर्ण संध्याकाळ खातात, तेव्हा वाटणी करताना वेळ बघा.

आणि वीकेंडचा हिशेब असा मांडा: सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंग स्वतःच उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतात, आधी उत्तर न्यू इंग्लंड, मग पोकोनोज, मग शेनांडोआ, शेवटी स्मोकीजच्या खालच्या दऱ्या. म्हणजे एखादा वीकेंड सुटला तर काही हुकत नाही, रंग पुढच्या गावी मिळतातच. एका आड एक वीकेंड घरचा ठेवा आणि तो मनापासून घरचा, दिवाळीचा फराळ, अंगणातली पानं गोळा करणं, मराठी शाळा. बाहेरच्या वीकेंडला रविवारी दुपारी दोनच्या आत घरात पाय, म्हणजे मशीन लागतं, मुलं आंघोळ करून आपापल्या पलंगावर झोपतात. हे घड्याळ नवऱ्याने पाळायचं, तुम्ही मागे लागून नाही. १ नोव्हेंबरला घड्याळं मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा त्यानंतर रविवार अजून आवळा. आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्याच्या आधीचा वीकेंड कोणीही मागितला तरी द्यायचा नाही.

प्रश्न: आठवडाभर घर बंद ठेवणार आहोत. काय काय करून निघावं? आणि तुळस-कढीपत्त्याचं काय?

उत्तर: पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, पाइप फुटला तर घरात कोणी नसताना जे नुकसान होतं ते इन्शुरन्सवाल्याशी भांडून भरून येत नाही. हीटिंग ५५ डिग्री फॅरेनहाइटवर ठेवा, पूर्ण बंद नको. टपाल पोस्टाच्या साइटवरून थांबवता येतं, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० दिवस. किल्ली आणि तुमच्या कॅम्पग्राउंडचा पत्ता शेजाऱ्यांकडे द्या.

कढीपत्ता आणि तुळस दोघींनाही रात्रीचं ५० डिग्री फॅरेनहाइटच्या खालचं सोसत नाही, त्यामुळे त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आत आल्या पाहिजेत, ट्रिप असो नसो. आत आणण्याआधी पानांच्या खालची बाजू बघा, किडे असतील तर साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर घरातल्या सगळ्या कुंड्यांना लागण होते. आठवड्याला एकदाच पाणी पुरतं, जास्त घातलं की मुळं कुजतात.

ज्यांची आरव्ही स्वतःची आहे त्यांनी शेवटच्या ट्रिपहून आल्यावर त्याच आठवड्यात, थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून, पाण्याच्या टाक्या आणि लाइनी रिकाम्या करा. वॉटर हीटर रिकामा करून बायपास करा, नाहीतर त्याच्या सहा किंवा दहा गॅलनमध्ये फुकट अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) भरत बसाल. मग गुलाबी रंगाचं आरव्हीचं अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून, शॉवरमधून आणि टॉयलेटमधून गुलाबी धार येईपर्यंत फिरवा. इंजिनचं अँटिफ्रीझ वेगळं असतं आणि विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत कधीच घालायचं नाही, गॅरेजमध्ये दोन्ही कॅन शेजारी ठेवू नका.