शाळिग्रामातलं चक्र किड्याने कोरलेलं असतं की तो जीवाश्म आहे? आणि खरा शाळिग्राम कसा ओळखायचा?

जीवाश्मच. वज्रकीटाने दगड पोखरला ही कथा कशी सुचली असेल ते कळतं, चक्र खरंच कोरल्यासारखं दिसतं. पण तो अमोनाइटच्या शंखाचा ठसा आहे. अमोनाइट हे माकूळ आणि ऑक्टोपसच्या नात्यातले समुद्री प्राणी. डायनोसॉर गेले त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तेही संपले.

नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्र होता. मेलेल्या अमोनाइटचा शंख तळाच्या काळ्या चिखलात रुतायचा. तिथे प्राणवायू जवळजवळ नसल्याने मांस कुजवायचं काम सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंकडे जाई. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड चिखलातल्या लोहाशी जुळून पायराइट हे सोनेरी खनिज होतं. काही शाळिग्रामांतली सोनेरी झाक त्याचीच. त्याच कुजण्यामुळे शंखाभोवती कार्बोनेट साचून चिखलाची कडक गाठ बनते. ती लवकर बनली तरच उपयोग. ज्यांच्याभोवती गाठ जमली नाही ते शंख वरच्या थरांच्या ओझ्याखाली पापडासारखे चपटे झाले. पुढे मूळ शंख विरघळला तरी गाठीत ठसा राहतो. हिमालय उचलला गेला, नदीने मऊ शेल (त्या चिखलाचाच झालेला खडक) झिजवला आणि गाठी प्रवाहात गोल झाल्या. (सह्याद्रीत शोधू नका, तो लाव्हाचा दगड आहे.)

ओळखायचं तर आधी घनता बघा. दगड कोरडा तोला. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजा. २७० ग्रॅमच्या दगडाने साधारण १०० मिली पाणी सांडलं, तर घनता २.७, म्हणजे तो दगड आहे. नुसत्या रेझिनची नक्कल १.२ च्या आसपास येते. मात्र कोरीव नक्कलही दगडाचीच असते, तिथे भिंग लागतं. खऱ्या ठशात उंचवटे आतल्या वेढ्यापासून बाहेर हळूहळू रुंदावत जातात. यंत्राची खाच सगळीकडे सारख्या खोलीची असते. तापवलेली सुई टोचू नका, खऱ्यालाही डाग पडतो.

तांब्याच्या भांड्यांसोबत चिंच-लिंबाने घासणं ही सगळ्यात मोठी चूक. आम्लाने कार्बोनेट विरघळतं आणि ठसा बोथट होतो. सोनेरी झाक असेल तर अभिषेकानंतर लगेच टिपून पूर्ण वाळवा. ओल राहिली की पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, दगडावर पांढरट-पिवळी भुकटी येते आणि तो आतून तडकतो.